जोडावर लक्ष कोणाचे?
डेबियनच्या पॅकेज-व्यवस्थेचे एक परीक्षण

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, शोधनिबंधाचेही होते. काम करण्याच्या पद्धतीचे परीक्षण मात्र क्वचितच केले जाते. या लेखात आम्ही अशाच एका पद्धतीकडे पाहणार आहोत. डेबियन या मुक्त संगणक प्रणालीसाठी जगभरातील स्वयंसेवक आज्ञावल्यांची 'पॅकेजे' तयार करतात आणि वर्षानुवर्षे सांभाळतात. १७ जून १९९६ रोजी आलेल्या १.१ या आवृत्तीत अशी ४७४ पॅकेजे होती. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या तेराव्या आवृत्तीत त्यांची संख्या ६९,८३० झाली. या पसाऱ्याला मालक नाही. तो उभा कसा राहिला आणि कच्चा कोठे राहिला, असे दोन प्रश्न आम्ही विचारणार आहोत. पहिल्याचे उत्तर कौतुकाचे आहे, दुसऱ्याचे तितकेसे नाही.

हा विषय शाळेपासून दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. उबुंटू ही प्रणाली २००४ पासून डेबियनच्या पायावर उभी आहे आणि केरळमधील शाळांसाठी तयार केलेली प्रणाली उबुंटूवर आधारलेली आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत दिसणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची प्रणालीही डेबियनपासूनच बनली आहे. तेव्हा डेबियनचे नाव ज्यांनी ऐकलेले नाही, अशा अनेकांच्या वर्गातही तिचे काम पोचलेले असते.

पॅकेज म्हणजे काय?

स्टेलॅरियम ही आकाशदर्शनाची आज्ञावली अनेक शिक्षकांच्या परिचयाची असेल. तिचे कर्ते तिची मूळ संहिता, म्हणजे माणसाला वाचता येईल असा सोर्स कोड, सर्वांना खुली ठेवतात. पण नुसती संहिता हाती आली म्हणून पडद्यावर तारे दिसत नाहीत. चित्रे आणि खिडक्या दाखवण्यासाठी तिला 'क्यूटी' हा आज्ञासंग्रह लागतो, त्याला आणखी काही लागतात, आणि या सगळ्यांच्या आवृत्त्या एकमेकांशी जुळाव्या लागतात. शिवाय परवाना तपासायचा, फाइली योग्य जागी ठेवायच्या, पुढे दोष सापडला की दुरुस्ती पोचवायची. ही मधली सारी कामे पॅकेज करणारा करतो. मूळ संहितेला तो चार महत्त्वाच्या नोंदी जोडतो : कशाकशावर अवलंबून आहे याची यादी, बांधणीची कृती, आजवरच्या बदलांची वही आणि परवान्याचा तपशील. वापरणाऱ्याने एक आज्ञा दिली की लागणारे सर्व काही आपोआप येऊन बसते.

छापखान्यातील मुद्रितशोधकाचे काम असेच असते. काम नीट झाले तर ते कोणाच्या लक्षात येत नाही, चुकले तर मात्र सर्वांना दिसते.

लिहून ठेवलेला विश्वास

डेबियनची घोषणा इयान मर्डॉक या पर्ड्यू विद्यापीठातील विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. डेब्रा आणि इयान ही दोन नावे जोडून 'डेबियन' हा शब्द झाला. त्या वेळची लिनक्सची वितरणे घाईने केलेली, दोषांनी भरलेली असत. पॅकेज करणे हे दुय्यम काम मानले जाई. मर्डॉकचे म्हणणे असे की, हे कामही मूळ आज्ञावलीइतक्याच काळजीने आणि उघडपणे झाले पाहिजे.

पुढील काही वर्षांत या इच्छेचे नियमांत रूपांतर झाले. ५ जुलै १९९७ रोजी 'सामाजिक करार' संमत झाला आणि डिसेंबर १९९८ मध्ये प्रकल्पाची घटना. तिसरे कागदपत्र म्हणजे तांत्रिक नियमावली. ती वाढत आणि सुधारत राहते. एकत्र वाचली असता ही तीन कागदपत्रे संघटनशास्त्रातील एक उत्तम पाठ ठरावीत, असे आमचे मत आहे. त्याची कारणे तीन.

पहिले कारण, दोष लपवायचे नाहीत हे वचन करारातच दिलेले आहे. दोषांचे दप्तर सर्वांना खुले असते. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो आणि कोणीही ती वाचू शकतो. आपल्या चुका स्वतःहून चव्हाट्यावर मांडण्याचे असे लेखी बंधन फार थोड्या संस्था स्वीकारतात.

दुसरे कारण, वाद माणसांवरून नियमांवर आणलेला आहे. एखादी फाइल कोठे ठेवावी यावर दोन तज्ज्ञ भांडू लागले तर नियमावली उघडायची. नियम अपुरा असेल तर तो बदलण्याची रीत ठरलेली आहे. 'लिंटियन' नावाची आज्ञावली तर पॅकेज नियमांशी ताडून पाहून चुकांची यादीच देते. प्रकल्पाचा नेता दरवर्षी निवडला जातो. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात आणि प्रत्येक जोडीची तुलना करून निकाल लागतो.

तिसरे कारण, नवे आणि पक्के यांच्यामध्ये काळाची चाळण आहे. नवे पॅकेज प्रथम 'अस्थिर' विभागात जाते. या विभागाला सिड म्हणतात. 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील खेळणी मोडणाऱ्या मुलाचे ते नाव. तेथे काही दिवस गंभीर दोष आढळला नाही, तरच ते 'चाचणी' विभागात सरकते. यथावकाश तो विभाग गोठवला जातो, साफ केला जातो आणि 'स्थिर' आवृत्ती म्हणून बाहेर पडतो. कोणतीही तारीख पाळण्यापेक्षा तयारी महत्त्वाची, ही भूमिका डेबियनने दीर्घकाळ टिकवली आहे.

या साऱ्याच्या मुळाशी एक साधी कल्पना आहे : प्रत्येक पॅकेजाला एक सांभाळणारा असतो आणि त्याचे नाव पॅकेजावरच लिहिलेले असते. त्याने पाठवलेल्या पॅकेजावर त्याची अंकीय सही असते. ती सही खरोखर त्याचीच आहे याची खात्री परंपरेने प्रत्यक्ष भेटीतून, ओळखपत्र पाहून केली जाते. जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते. आमचा आक्षेप मात्र नेमका येथूनच सुरू होतो.

पहिली कसोटी : दोन ओळी

ओपनएसएसएल हा आज्ञासंग्रह गुप्त किल्ल्या तयार करतो. अशी किल्ली कोणाला ओळखता येऊ नये म्हणून ती यदृच्छेने, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या सामग्रीतून बनवावी लागते. २००६ मध्ये स्मृतीतील चुका शोधणारे एक साधन या संग्रहातील दोन ओळींवर तक्रार करत होते. डेबियनमध्ये पॅकेज सांभाळणाऱ्याने मूळ कर्त्यांकडे विचारणा केली. आलेले उत्तर त्याला संमतीसारखे वाटले आणि त्या ओळी वगळल्या गेल्या. त्यांपैकी एक ओळ गोळा केलेली सारी यादृच्छिक सामग्री मिसळण्याचे काम करत होती. ती गेल्यावर उरले काय, तर चालू प्रक्रियेचा अनुक्रमांक. त्याच्या शक्यता जास्तीत जास्त ३२,७६८.

ही संख्या वर्गात जरूर समजावून द्यावी. ती २ चा पंधरावा घात आहे. प्रवासी पिशवीच्या पाच आकडी कुलपालाही एक लाख शक्यता असतात. म्हणजे जी किल्ली विश्वाच्या वयातही शोधता येऊ नये, ती अशा कुलपाच्या एक तृतीयांशाहून कमी प्रयत्नांत सापडू शकत होती. सदोष पॅकेज सप्टेंबर २००६ मध्ये आले आणि दोष १३ मे २००८ रोजी जाहीर झाला. तो शोधणारा लुचियानो बेलो हा डेबियनचाच सदस्य होता. डेबियन व उबुंटूवर त्या काळात तयार झालेल्या किल्ल्या टाकून देऊन नव्या कराव्या लागल्या.

मुद्रितशोधकाने गणिताच्या पुस्तकातील एक ओळ निरर्थक समजून काढावी आणि लेखकाने 'चालेल' म्हणावे, तसेच हे घडले. शोधकाला वाटले की लेखकाने पाहिले आहे. लेखकाला वाटले की शोधक काय करतो आहे ते त्याला कळते. दोघेही प्रामाणिक होते आणि ओळ दोघांच्या मधून निसटली.

दुसरी कसोटी : अर्धा सेकंद

दुसरा प्रसंग २०२४ चा. फाइली दाबून लहान करणारा 'एक्सझेड' हा आज्ञासंग्रह बराच काळ एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. जिया टॅन या नावाने कोणी तरी दोनेक वर्षे त्याला उपयोगी मदत करत राहिले आणि हळूहळू आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळवला. काम संथ चालले आहे, दुसऱ्याला अधिकार द्या, असा तगादा इतर अनोळखी नावांनी लावलेला होता. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरवाट दडवलेली होती. चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत तिचा गाभा होता आणि तो बाहेर काढणारा तुकडा फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होता. रोजच्या कामाच्या उघड भांडारात तो नव्हता.

हल्ल्याचे खरे लक्ष्य होते ओपनएसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकात शिरण्याचा दरवाजा. गंमत अशी की, ओपनएसएसएचला एक्सझेडची गरजच नाही. डेबियनने आणि इतर काही वितरणांनी तिला सिस्टिमडी या सेवाव्यवस्थेशी जोडण्यासाठी एक ठिगळ लावले होते. त्या ठिगळाने सिस्टिमडीचा संग्रह आत आणला आणि त्या संग्रहाबरोबर एक्सझेड आले. मूळ दरवाजा भक्कम होता. चोर वितरकांनी जोडलेल्या बिजागरीतून शिरला. डेबियनने नवी आवृत्ती लवकर घ्यावी अशी मागणीही एका अपरिचित नावाने दोषांच्या दप्तरात नोंदवली गेली होती.

अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या माहितीसंचयाच्या प्रणालीवर काम करणारे तंत्रज्ञ. डेबियनच्या सिडवर वेगाची मोजमापे घेताना दरवाजा उघडायला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांना खटकले. त्यांनी तो धागा सोडला नाही आणि २९ मार्च २०२४ रोजी चोरवाट उघड केली. रॅले यांना हवेतून मिळवलेल्या नायट्रोजनची घनता सुमारे अर्ध्या टक्क्याने जास्त आढळली आणि त्या किरकोळ फरकाचा पाठपुरावा करताना १८९४ मध्ये आरगॉन सापडला, याची येथे आठवण होते. काळाची चाळण या वेळी उपयोगी पडली. सदोष आवृत्ती अस्थिर व चाचणी विभागांत पोचली होती. स्थिर आवृत्तीत ती गेली नव्हती. तरीही एका माणसाच्या चौकसपणाला आपण पद्धतीचे यश म्हणू शकत नाही.

आक्षेप नेमका काय?

दोन प्रसंगांत फरक मोठा आहे. पहिल्यात गैरसमज होता, दुसऱ्यात कपट. पण जागा एकच आहे. मूळ कर्ता आणि पॅकेज करणारा यांच्यामधला जोड दोन्ही वेळा निसटला. डेबियनच्या नियमांत प्रत्येक पॅकेजाच्या आतल्या गोष्टींची जबाबदारी काटेकोर वाटलेली आहे. दोन पॅकेजांमधल्या किंवा दोन सांभाळणाऱ्यांमधल्या जागेची जबाबदारी मात्र तितकी स्पष्ट नाही. भिंतींना मालक आहेत, सांध्यांना नाहीत.

यंत्राने तपासता येईल ते डेबियन उत्तम तपासते. २०१३ पासून तेथे एक मोठा उपक्रम चालू आहे : एकच संहिता दोन ठिकाणी बांधली तर तयार पॅकेज तंतोतंत सारखे निघाले पाहिजे. विज्ञानात प्रयोग पुन्हा करून पाहतात, तसाच हा प्रकार. आम्हांस तो अत्यंत मोलाचा वाटतो. पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. पॅकेज दिलेल्या संहितेतूनच बनले आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते. संहिता प्रामाणिक आहे, हे नाही. एक्सझेडच्या गठ्ठ्यातच विष होते. तो कितीही वेळा बांधला असता तरी विषासकट सारखाच निघाला असता. तेथे दुसऱ्या माणसाचे डोळे हवे होते.

आता घटनेकडे पाहू. ती सांगते की कोणत्याही सदस्यावर काम करण्याची सक्ती नाही. स्वयंसेवी संस्थेत हे योग्यच आहे. तीच घटना असेही सांगते की आपापल्या कामातील निर्णय ज्याचे त्याने घ्यावेत, आणि तो निर्णय फिरवण्यासाठी तांत्रिक समितीला तीनास एक असे बहुमत लागते. ही दोन कलमे शेजारी ठेवली की अडचण दिसते. काम करण्याची सक्ती नाही, पण दाराची किल्ली मात्र एकाकडे. तो थकला, आजारी पडला, अन्य व्यापात गुंतला, तर दार ना उघडते ना बंद होते.

या संदर्भात जोएल क्लेकर याचे स्मरण करावेसे वाटते. डेबियनच्या काही महत्त्वाच्या पॅकेजांवर काम करणारा हा तरुण स्नायूंच्या असाध्य विकाराने अंथरुणाला खिळलेला होता आणि बहुतेक सहकाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती. जुलै २००० मध्ये तो गेला. ऑगस्ट २००० मध्ये आलेली २.२ ही आवृत्ती त्याला अर्पण करण्यात आली. आजार कोणाला सांगायचा हा त्याचा अधिकार होता आणि त्याचे काम चोख होते. त्याच्या कथेवरून दिसते ते इतकेच की, पॅकेजाची प्रकृती दाखवणारी कोष्टके पुष्कळ असली तरी ते सांभाळणाऱ्याची प्रकृती कोणत्याही कोष्टकात नसते. म्हणूनच त्याच्या शेजारी आधीपासून दुसरा कोणी असला पाहिजे.

सुधारणा आतूनच

डेबियनला हे कळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुसऱ्याच्या पॅकेजात तातडीची दुरुस्ती करण्याची रीत फार पूर्वीपासून आहे. अशी दुरुस्ती काही दिवस रांगेत थांबते, म्हणजे सांभाळणाऱ्याला हरकत घेता येते. दुर्लक्षित पॅकेज रीतसर दुसऱ्याने सांभाळायला घेण्याची पद्धत २०१८ मध्ये आली. मूळ संहितेत केलेला प्रत्येक बदल आता बहुधा वेगळ्या फाइलीत, कारणासह ठेवला जातो. त्यामुळे ठिगळ कोठे आहे आणि का आहे, ते कोणालाही पाहता येते.

सर्वांत आशादायक वाट आहे गटाने सांभाळण्याची. पर्ल या संगणकभाषेची काही हजार पॅकेजे एक गट सामाईकपणे सांभाळतो. त्यातील कोणीही कोणत्याही पॅकेजाला हात लावू शकतो. वैद्यक आणि जीवशास्त्र यांसाठीच्या आज्ञावल्यांचा 'डेबियन मेड' हा गटही असाच चालतो. विशेष म्हणजे असे गट नवख्यांना शिकवतात, त्यामुळे उद्याचे सांभाळणारे आजच तयार होतात.

आणि जोड काढून टाकता येत असेल तर तो काढावा, हा धडाही गिरवला गेला. एप्रिल २०२४ मध्ये डेबियनने ओपनएसएसएचमधील ठिगळ असे बदलले की सिस्टिमडीच्या संग्रहाची गरज उरली नाही. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ९.८ या आवृत्तीत मूळ कर्त्यांनी ती सोय स्वतःच अंगीकारली. वितरकाने वेगळे ठिगळ वाहत राहण्याऐवजी बदल उगमापाशी पोचला. सामाजिक करारातील 'आपले काम समाजाला परत देऊ' हे वचन केवळ औदार्याचे नाही, ते सुरक्षिततेचेही आहे, हे येथे दिसते.

तरीही हे सारे ऐच्छिक आहे. एकट्याने सांभाळायचे की गटाने, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. ज्या पॅकेजांवर हजारो इतर पॅकेजे उभी आहेत, निदान त्यांना तरी किमान दोन जागे सांभाळणारे असावेत, आणि सुरक्षेशी संबंधित ठिगळ दुसऱ्याने वाचल्याशिवाय आत जाऊ नये, असा नियम असावयास हवा. स्वयंसेवकांवर अशी बंधने घातली तर ते निघून जातील, असा प्रतिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु परवान्यांबाबत हेच स्वयंसेवक अतिशय कडक नियम आनंदाने पाळतात. नियम जाचक वाटतो तो त्याचे कारण पटत नाही तेव्हा. येथे कारण दोन वेळा पुढे आलेले आहे.

शाळेसाठी यातून काय?

संगणकाच्या खोलीचा परवलीचा शब्द एकाच शिक्षकाला ठाऊक असतो. त्यांची बदली झाली की खोलीला कुलूप लागते. विज्ञान मंडळ, वाचनालय, हवामानाच्या नोंदी यांचेही असेच होते. उत्साही माणूस असेपर्यंत काम चालते, आणि आपण त्या उत्साहाचे कौतुक करताना त्याच्या शेजारची रिकामी खुर्ची पाहत नाही. डेबियनकडून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, काम कसे चालते ते लिहून ठेवावे, चुकांसकट. दोन, आणि ही त्यांच्या उणिवेतून शिकावयाची, प्रत्येक कामाला पहिल्या दिवसापासून दोघे असावेत.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना तर यात प्रत्यक्ष भागही घेता येईल. डेबियनमध्ये मराठी शब्दतपासणीचा कोश आहे, देवनागरी टंक आहेत, प्रणाली बसवताना दिसणारा मजकूर मराठीत आहे. यातील चुका शोधून त्या दप्तरात नीट नोंदवणे हे कोणत्याही चौकस विद्यार्थ्याला जमेल. तक्रार अशी लिहावी की वाचणाऱ्याला तोच दोष स्वतःच्या संगणकावर पुन्हा दिसला पाहिजे : काय केले, काय अपेक्षित होते, काय झाले. प्रयोगवहीची शिस्त याहून वेगळी नाही.

एकंदरीत आमचे मत असे. एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी विश्वास लेखी आणि तपासण्याजोगा कसा करावा, याचा डेबियनइतका सविस्तर नमुना मिळणे कठीण आहे. कोणती वस्तू आत घ्यावी आणि जबाबदार कोण, या दोन प्रश्नांची उत्तरे तिच्याकडे चोख आहेत. त्या जबाबदार माणसाच्या शेजारी कोण उभे राहणार, हा तिसरा प्रश्न अजून मर्जीवर सोडलेला आहे. तो नियमात येईल तेव्हा काम पुरे होईल.